शून्य नंबरची खोली

१

चुका सापडल्या की ठमीला आनंद व्हायचा. दुसऱ्यांच्या, अर्थात. स्वतःच्या सापडल्या की तिलाही चारचौघांसारखाच राग यायचा. पण दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं, आणि आवडीचं काम पोटापाण्याला लागावं असं भाग्य काही सगळ्यांच्या कपाळी नसतं. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई सकाळी कामावर जाताना गुणगुणत जायची, एवढं सांगितलं तरी पुरे.

ठमी हे तिचं घरातलं नाव. बाहेर तिला सगळे मॅडम म्हणत. पण सध्या ती ज्या वृद्धनिवासात काम करत होती तिथे तिचे वडीलच राहत होते, आणि नानांनी पहिल्याच दिवशी भर व्हरांड्यातून ‘ठमे!’ अशी हाक मारून तिच्या मॅडमपणाचे तीनतेरा वाजवले होते.

निवास तसं साधंच होतं. खाली स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि बाग. वर एक लांबलचक बोळ, बोळात एका ओळीत चोवीस खोल्या. बोळाच्या एका टोकाला कोरी भिंत, दुसऱ्या टोकाला चोवीस नंबरशेजारी ऑफिस. खोल्यांची दारं सकाळी सातला आपोआप उघडत आणि संध्याकाळी सहाला आपोआप बंद होत. बंद म्हणजे फक्त बाहेरून, भलत्याने आत शिरू नये म्हणून. आतल्या माणसाने दाराशेजारचं बटण दाबलं की दार केव्हाही उघडे. ही सगळी उघडझाप एक संगणक करी, आणि त्याला काय काय करायचं ते सांगणाऱ्या स्क्रिप्ट सव्वीस वर्षांपूर्वीच्या होत्या.

स्क्रिप्ट म्हणजे तरी काय, यंत्राला दिलेली कामांची यादी. जुनं यंत्र स्वभावाने भोळं. यादीत काही चुकलं तर काणाडोळा करून पुढे जाणारं. आता नवं यंत्र आलं होतं आणि ते खाष्ट सासूसारखं होतं. कशाचंही नाव आधी नीट सांगितलेलं नसलं, एखादा रकाना कोरा राहिला, की ते अडून बसे. एक जरी चूक उरली तरी यादीतली एकही ओळ ते चालवत नसे. ठमीने पहिल्यांदा जुन्या स्क्रिप्ट त्याच्यापुढे टाकल्या तेव्हा त्याने चारशे बारा चुका काढल्या होत्या. तीन आठवडे ती धान्यातले खडे निवडावे तशा त्या निवडत होती.

सोमवारी दुपारी चार वाजता एकच चूक उरली. ‘खोली ०: अशी खोली यादीत नाही.’

ठमी हसली. संध्याकाळी दारं बंद करणारी स्क्रिप्ट एकपासून न मोजता शून्यापासून मोजत होती. शिकाऊ पोरं हमखास करतात ती चूक! सव्वीस वर्षं रोज सहा वाजता हे यंत्र नसलेल्या खोलीला ‘बंद हो’ म्हणून सांगत आलं होतं. पुढे आणखी एक ओळ होती: उत्तर न बघता पुढे चला. म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

तिने शून्याचा एक केला. चुका: शून्य. जुनं यंत्र त्याच संध्याकाळी भंगारवाला घेऊन गेला.

२

काम आटोपलं की ठमी बारा नंबरला जाऊन नानांजवळ बसायची. नाना घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. आई गेल्यावर ठमीने त्यांना आपल्या घरी आणलं होतं, पण वर्षभरात ते स्वतःच इथे आले. “तुझ्याकडे मला सगळं हातात मिळतं,” म्हणाले, “आणि सगळं हातात मिळालं की माणूस गंजतो.” इथे मात्र ते न गंजता नुसतेच गप्प होत चालले होते. गेले दोन महिने तर ठमीने दहा वाक्यं बोलावीत तेव्हा नानांनी एकदा ‘हं’ म्हणावं. तिचा जीव तुटायचा. नवं कंत्राट घेताना तिने याच निवासाचं काम मागून घेतलं ते काही स्क्रिप्टच्या प्रेमाने नव्हे.

सोमवारी सहा वाजता दोघं चहा पीत होती. बोळातून खटके वाजत आले. खट्, खट्, खट्. बारा नंबरचाही वाजला. मग पुढे पुढे लांब जात थांबले.

नानांनी कप खाली ठेवला. “आज एक कमी वाजला.”

“काय कमी वाजलं?”

“खटका. रोज पंचवीस वाजतात. आज चोवीस.”

“नाना, खोल्याच चोवीस आहेत.”

“खोल्या किती ते मला माहीत नाही. मी रोज मोजतो. दुसरं काय काम आहे मला?”

ठमीने चहाचा घोट घेतला. तिने बदललेल्या ओळीचा आणि या हिशेबाचा मेळ बसत होता हे खरं, पण शून्य नंबरला दारच नाही तर खटका कुठून येणार? एखादी जुनी विजेची पेटी कुठेतरी वाजत असेल, आणि ती आज सुटली असेल. विजेच्या कामात अशा भानगडी असतातच. शिवाय दोन महिन्यांत नाना पहिल्यांदाच इतकं बोलले होते. तिला त्याचंच बरं वाटलं, आणि चहा संपताच ती घरी निघाली.

३

आणि त्या दिवसापासून नाना सुधारले.

मंगळवारी ती गेली तर नाना दाढी करून, नवा सदरा घालून बसले होते. बुधवारी त्यांनी तिला एक विनोद सांगितला, तोही चावट. गुरुवारी ती आत आली तेव्हा ते पत्ते पिसत होते.

“कुणाबरोबर खेळता, नाना?”

“येतो एक जण. सव्वासहाला दार वाजवतो. मी बटण दाबतो, आत येतो, सातला जातो.”

“कोण? नाव काय?”

“पत्त्याला बसल्यावर नावं विचारतं का कुणी? दिव्याकडे पाठ करून बसतो, त्यामुळे तोंड नीट दिसत नाही. पण माणूस गुणी. माझं बोलणं फार आवडतं त्याला. काही म्हटलं की म्हणतो, पुन्हा म्हणा. मग स्वतः म्हणून बघतो.” नाना खूश होऊन हसले. “तुझ्याबद्दलही विचारतो. म्हटलं, माझी ठमी हुशार आहे.”

ठमीचा ऊर भरून आला. बापाला इतक्या दिवसांनी कुणीतरी ऐकणारं मिळालं होतं. ते आपल्याला जमलं नाही याची टोचणी लागली, पण तीही गोडच लागली.

जाता जाता तिने सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणजे निवासाच्या सर्वेसर्वा. त्यांच्या परवानगीशिवाय तिथे पंखाही फिरत नसे.

“बाहेरचं कुणी येत नाही हो, मॅडम. पाहुण्यांची वही माझ्याच टेबलावर असते. आपल्यातलंच असेल कुणी. पण काय सांगू, या आठवड्यात सगळ्यांनाच जरा तरतरी आली आहे. दोन नंबरच्या आजी गुणगुणत जेवायला येतात. सात नंबरचे मास्तर भांडले नाहीत चार दिवस! मी म्हटलं, चांगलं चाललंय तर कशाला खोड काढा?”

ते ठमीलाही पटलं. तरी सवय जाईना, म्हणून तिने ऑफिसात येऊन दारांची नोंद काढली. सव्वासहाला बारा नंबर आतून उघडलं होतं. सोमवारपासून रोज. आणि त्याच वेळेला दोन नंबरही. आणि सात. आणि एकोणीस. एकोणीस नंबरची बाई तर कुणालाच दार उघडत नसे.

त्या वेळेत बाकीच्या वीस खोल्यांतून मात्र कुणीही बाहेर पडलेलं नव्हतं.

एक माणूस चार दारांशी एकाच वेळी कसा असेल? नव्या यंत्राचं घड्याळ गडबडलं असेल, असं ठमीने ठरवलं. यंत्राला दोष दिला की माणसाला झोप लागते.

शुक्रवारी दुपारी मात्र नाना म्हणाले, “आज त्याच्या खोलीत बोलावलंय मला. साडेपाचलाच.”

“कुठे आहे त्याची खोली?”

“एक नंबरच्या अलीकडे.”

“एक नंबरच्या अलीकडे भिंत आहे, नाना.”

“मग भिंतीच्याही अलीकडे असेल,” नाना म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. “तू आपली मला कामावर असल्यासारखे प्रश्न विचारू नकोस. किती दिवसांनी कुणी बोलावलंय मला.”

४

ठमी बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. भिंत कोरीच होती. पिवळट रंग, खाली हातभर तपकिरी पट्टा. तिने तळहात टेकवला. भिंत कोमट लागली. पश्चिमेची भिंत, दिवसभराचं ऊन, कोमट लागणारच. पण ऊन त्या बाजूला येत होतं की नाही हे तिला आठवेना. खाली फरशीवर, भिंतीला अगदी लागून, एक फरशी दोन पावलांएवढी झिजलेली होती. बाकीच्या चोवीस दारांपुढे होती तशीच.

ती ऑफिसात परत आली आणि पुन्हा स्क्रिप्ट उघडून बसली. आता तिला सोमवारी न दिसलेली गोष्ट दिसली. संध्याकाळी बंद करणारी यादी शून्यापासून सुरू होत होती. सकाळी उघडणारी यादी एकपासून. दोन्ही लिहिणारा हात एकच, लिहिण्याची तारीख एकच. चूक करणारा माणूस दोन्हीकडे तीच चूक करतो. ज्याने एकीकडे शून्य आणि दुसरीकडे एक लिहिलं, त्याला तसंच लिहायचं होतं.

म्हणजे ती खोली रोज बंद केली जात होती. आणि कधीच उघडली जात नव्हती.

या स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला सगळे गुरुजी म्हणत. काहीही विचारलं की फळ्यावर लिहून समजवायची सवय, म्हणून गुरुजी. आता ऐंशीच्या घरात होते. ठमीने सिस्टरकडून नंबर घेऊन फोन लावला.

“चूक?” गुरुजी म्हणाले. “मी तिथे काही डोकं चालवलंच नाही, बाई. आमची पद्धत साधी होती. ज्या माणसाचं काम यंत्राला द्यायचं, त्याच्यामागे आठ दिवस वही घेऊन हिंडायचं आणि तो करील ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. तिथे एक चाव्यावाला होता. संध्याकाळी फेरीला निघाला की आधी त्या भिंतीपुढे उभा राहायचा, चावी पुढे करायचा, फिरवायचा. मग एक नंबर, दोन नंबर.”

“भिंतीत चावी?”

“हवेत. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, लिहून घ्या. आणि सकाळी ही नाही फिरवायची, तेही लिहा. मी लिहिलं.”

“आणि उत्तर न बघता पुढे चला, ही ओळ?”

“ती माझी. मी पहिल्या दिवशी यंत्र सुरू केलं तेव्हा उत्तर आलं होतं,” ते म्हणाले. “त्यानंतर मला ते वाचायचं नव्हतं. बाई, तू ते शून्य काढलं नाहीस ना?”

पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. ठमी फोन तसाच टाकून बारा नंबरकडे धावली. खोली रिकामी होती. पत्ते टेबलावर नव्हते. खुंटीवरचा करडा स्वेटरही नव्हता.

“सिस्टर!” तिने जिन्यातून हाक मारली. “नाना खाली आहेत का? बघा ना जरा!” आणि ती भिंतीकडे वळली.

५

भिंतीत फट होती.

बोटभर रुंद, उभी, जमिनीपासून डोक्याच्याही वर गेलेली. दार किलकिलं राहिलं की पडते तशी. फटीतून पिवळा उजेड फरशीवर आला होता, आणि आतून पत्ते पिसल्याचा आवाज येत होता.

ठमीचं डोकं अजूनही भांडत होतं. भिंतीला तडा जातो. जुन्या इमारती. पलीकडे कोठीची खोली असेल, बुजवलेली. पलीकडे काय होतं ते तिला चांगलं माहीत होतं. पलीकडे काहीच नव्हतं, खाली बाग होती.

तिने डोळा लावला. टेबलाचा एक कोपरा दिसला. खुर्चीची पाठ. खुर्चीत कुणीतरी बसलेलं, दिव्याकडे पाठ करून. करड्या स्वेटरचा कोपर टेबलावर टेकलेला. पलीकडे आणखी खुर्च्या होत्या, भिंतीलगत मांडलेल्या, पुष्कळ, आणि सगळ्यांची तोंडं या दाराकडे होती. त्यांवर कुणी होतं की नाही ते उजेड पोचत नसल्यामुळे कळत नव्हतं.

“नाना?”

पत्ते थांबले.

“पाचच मिनिटं गं, ठमे,” नाना आतून म्हणाले. आवाज खुशीत होता. आई असताना, सुट्टीच्या दिवशी दुकानातून हलत नसत तेव्हा असायचा तसाच. “डाव रंगात आलाय. तू हो पुढे.”

“नाना, आत्ताच्या आत्ता बाहेर या.”

“आलोच म्हटलं ना.”

दार ढकलायला तिने हात उचलला, पण तिची छाती झाली नाही. हे तिने पुढे स्वतःशी लपवलं नाही. बाप आत होता आणि तिचा हात पुढे होईना. फट आता दोन बोटं रुंद झाली होती.

सहाला पंधरा मिनिटं होती. बंद करण्याची वेळ दिवसातून एकदाच यायची.

६

ऑफिसात येऊन तिने एकाचा पुन्हा शून्य केला. नवं यंत्र ताबडतोब अडलं. ‘खोली ०: अशी खोली यादीत नाही.’ जुन्या भोळ्या यंत्राला नसलेली खोली चालत होती. हे म्हणत होतं, खोली आहे असं आधी लिहून द्या.

ठमीने लिहून दिलं. खोली: ०. मजला: वरचा. रहिवासी: हा रकाना कोरा चालेना, म्हणून तिने ‘रिकामी’ लिहिलं.

शेवटचा रकाना होता: आतून उघडते का? हो किंवा नाही.

सहाला चार मिनिटं.

चाव्यावाल्याने ‘नाही’ लिहिलं असतं, हे तिला कळत होतं. वर्षानुवर्षं तो ज्यासाठी हवेत चावी फिरवत आला ते ‘नाही’साठीच. पण चाव्यावाल्याचा बाप आत नव्हता. ‘नाही’ लिहायचं म्हणजे नानांना आपल्या हाताने आत कोंडायचं, आणि सकाळी उघडणाऱ्या यादीत ती खोली नव्हतीच. तिथे शून्य लिहावं तर काय काय उघडेल देव जाणे. ‘हो’ लिहिलं तर दार बंद होईल, फट वाढायची थांबेल, आणि डाव संपला की नाना बटण दाबून बाहेर येतील. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. कुठल्याही लेकीने दुसरं काय लिहिलं असतं?

तिने ‘हो’ लिहिलं.

यंत्राने चारही रकाने तपासले आणि समाधानाने हिरवी ओळ दाखवली. चुका: शून्य.

सहा वाजले. पहिला खटका बोळाच्या पार टोकाहून आला, जड, जुन्या कुलपाचा असतो तसा. त्यामागून बाकीचे आले. ठमीने डोळे मिटून मोजले. पंचवीस. मग सगळं शांत झालं आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिने खुर्चीत मान टाकून दिली. खाली जेवणाच्या खोलीत भांडी मांडत होते. कुणीतरी गुणगुणत होतं. सगळं जागच्या जागी होतं.

सहा वाजून चार मिनिटांनी एकच खटका वाजला. स्क्रीनवर ओळ उमटली. ‘खोली ०: आतून उघडली.’

“आले,” ठमी मोठ्याने म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बोळातून चपला येत होत्या, सावकाश, डावा पाय किंचित ओढत, अगदी नानांच्या. एक नंबर, दोन नंबर. तिने तोंड पुसलं. रागवायचं नाही, असं तिने ठरवलं. आज घरी घेऊन जायचं आणि जवळ बसून दोन तास ऐकायचं, काय बोलतील ते.

टेबलावरचा फोन वाजला.

“मॅडम, सापडले हो नाना!” सिस्टर हसत होत्या. “मी आपली स्वयंपाकघर, जेवणाची खोली पालथी घालत होते, आणि हे बाहेर बागेत. बाकावर दोन नंबरच्या आजींचं घड्याळ उघडून बसलेत, पाच वाजल्यापासून. कुठे बोलावलं होतं म्हणे कुणी, तेही विसरून गेले कामाच्या नादात. आणि स्वेटर कुणी नेला म्हणून मलाच रागावताहेत. थांबा, देते त्यांना.”

“ठमे?” फोनवर नाना म्हणाले. “अगं, थंडी वाजतेय मला. तू वर आहेस का अजून?”

चपला चोवीस नंबर ओलांडून आल्या आणि थांबल्या.

“झाली बघ पाच मिनिटं, ठमे,” नानांचा आवाज दाराबाहेर म्हणाला, खुशीत. ऑफिसच्या दाराला खटका नव्हता, कारण ते कुठल्याच यादीत नव्हतं, आणि ते हळूहळू आतल्या बाजूला उघडायला लागलं.